वाचकांचे प्रश्न : जुन्या काळचा पोशाख शिवताना आणि नेसताना

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी ऐतिहासिक पोशाखासंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ती सगळी योगायोगाने श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरून आली आहेत. त्यामुळे उत्तरे देताना इथली हवा, इथला पाऊस आणि इथल्या बाजारात मिळणारे कापड यांचा विचार करूनच लिहिले आहे. प्रश्न थोडक्यात दिले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

आमच्या शाळेची तीस मुले शिवजयंतीला मावळ्यांच्या वेशात बंदरापर्यंत चालत जातात. गेल्या वर्षी तयार आणलेले सॅटिनचे पोशाख घातले आणि दोन मुलांना वाटेत घेरी आली. खर्च फारसा न वाढवता काही करता येईल का? — एक शिक्षिका, हर्णै

आपल्या मुलांना घेरी आली ती उन्हामुळे जितकी, तितकीच कापडामुळे. बाजारात ज्याला सॅटिन म्हणून विकतात ते बहुधा पॉलिएस्टर असते. हा धागा घाम शोषून घेत नाही, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत घाम आधीच लवकर सुकत नसल्यामुळे अंगाची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालचा आहे. सुवर्णदुर्गाच्या तटावर पहारा करणाऱ्या माणसाच्या अंगावर सुती कापडच असणार आणि तेही जाडेभरडे, पुष्कळदा न रंगवलेले. म्हणजे मुलांच्या प्रकृतीला जे मानवेल तेच इतिहासालाही धरून आहे, आणि सुदैवाने तेच स्वस्तही आहे.

छत्तीस इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कोरे मांजरपाट ठोक भावाने घ्यावे. कापायच्या आधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, कारण कोरे कापड वारामागे इंच-दीड इंच आटते आणि ही काळजी न घेतल्यास पहिल्या धुण्यानंतर बंड्या मुलांना होत नाहीत. बारा वर्षांच्या मुलाच्या बंडीला सव्वा वार कापड पुरते. पन्ह्याचा निम्मा भाग अंगासाठी घेऊन तो खांद्यावर दुमडावा, म्हणजे खांद्याला शिवण येत नाही. उरलेल्या निम्म्या पट्टीतून दोन्ही बाह्या निघतात. चोळण्याला, म्हणजे आखूड विजारीला, पावणेदोन वार लागतात आणि तो गुडघ्याखाली चार बोटेच ठेवावा, कारण होडीत चढताना आणि पुळणीवर चालताना ज्याचे पाय भिजणार त्याला घोट्यापर्यंतची सुरवार सोसत नाही. चार वार कापड लांबीत मधोमध फाडले की दोन मुलांची मुंडाशी होतात. कमरेचा शेला धरून एका मुलामागे सहा वारांत सगळा पोशाख बसतो.

बटणे, चेन आणि व्हेल्क्रो यांऐवजी त्याच कापडाचे बंद लावावेत. त्यांचा आणखी एक फायदा असा की बंद सैल-घट्ट करता येतात, म्हणून एकच बंडी दोन-तीन वर्षे वेगवेगळ्या मुलांना घालता येते. सोनेरी गोट मात्र कृपा करून लावू नये. गडावरच्या शिपायाला जरतार परवडत नव्हती, आणि मुलांना हे समजावून सांगणे हाही इतिहासाचा धडाच आहे.

शिवणवर्गात शिकलेल्या शर्टाच्या कटिंगवरून मी अंगरखा शिवला. तो उभे राहिल्यावर चांगला दिसतो, परंतु हात वर केला की संपूर्ण अंगरखा वर ओढला जातो आणि काखेत उसवतो. चूक कोठे होते आहे? — एक वाचक, मालवण

आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण पोशाख घालून हात वर करून पाहावासा वाटणे हीच या कामाची खरी सुरुवात आहे.

शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, गोलाईत कापलेला असतो आणि बाहीला वर उंचवटा दिलेला असतो. हे कटिंग हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या माणसासाठी आहे. आपल्याकडील जुना शिंपी गोलाई जवळजवळ कापतच नसे. हातमागाचे कापड अरुंद, सूत हाताने कातलेले आणि त्यामुळे वीतभर कापडही मोलाचे, म्हणून सगळे तुकडे चौकोनी किंवा तिरक्या रेषेने दुभागलेले असत आणि चिंधी म्हणून टाकून देण्यासारखे फारसे काही उरत नसे. चौकोनी अंगाला चौकोनी बाही सरळ जोडली की काखेत ताण येतो. तो ताण घालवण्यासाठी तिथे एक लहान चौकोन कोनावर फिरवून बसवतात, त्याला चौबगला म्हणतात. आपल्या अंगरख्यात नेमका तोच नाही.

मला हे पुस्तकातून कळले नाही. रत्नागिरीजवळच्या एका घरातला जुना अंगरखा दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला होता. तो उलटा करून उजेडाकडे धरला, तेव्हा काखेत चार बोटे लांब-रुंद असा चौकोन दिसला. तो अंगाच्या कापडापेक्षा वेगळ्या, अधिक जाड कापडाचा होता. त्याच्या चारही कडा दुहेरी दुमडून इतक्या बारीक टाक्यांनी दाबलेल्या होत्या की बोट फिरवले तरी शिवण जाणवत नव्हती. अंगाचे कापड ठिकठिकाणी विरलेले होते, पण तो चौकोन शाबूत होता. सर्वांत जास्त घर्षण आणि घाम जिथे, तिथे त्या शिंप्याने जाणून मजबूत कापड घातले होते.

आता मापे सांगते. छाती छत्तीस इंच असेल तर पाठ वीस-एकवीस इंच ठेवावी. बाही वरच्या बाजूला घेरात सोळा-सतरा इंच घेऊन मनगटाकडे नऊ इंचांपर्यंत सरळ रेषेत निमुळती करावी. चौबगला साडेचार इंच चौरस कापावा, त्याचा एक कोन बाहीच्या शिवणीत आणि समोरचा कोन अंगाच्या शिवणीत जाईल असा बसवावा. आधी कच्चा दोरा घालून टाचावा, अंगात घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि कमरेची कड हलत नाही अशी खात्री झाल्यावरच पक्की शिलाई मारावी.

घेरासाठी चुण्या घालू नयेत, कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे तुकडे, घालाव्यात. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे कापड घेऊन त्यातून चौदा इंच रुंद आणि सत्तावीस इंच लांब असे आयत काढावेत. प्रत्येक आयतावर एका टोकाला चार इंचांवर आणि दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूने तितक्याच अंतरावर खूण करून त्या दोन खुणा जोडणारी तिरकी रेघ कापली की वर चार आणि खाली दहा इंच अशा दोन कळ्या मिळतात, आणि काहीही वाया जात नाही. कमरेचे माप चौतीस इंच आणि पुढचा पदर एकावर एक येण्यासाठी बारा-चौदा इंच धरले तर सोळा कळ्या लागतात. अर्ध्या-अर्ध्या इंचाची शिवण वजा जाता त्यांची वरची बेरीज अठ्ठेचाळीस इंच आणि खालचा घेर एकशे चव्वेचाळीस इंच, म्हणजे बरोबर चार वार होतो. पन्ह्यात तीन आयत बसत असल्यामुळे सव्वादोन वार कापडात नऊ आयत निघतात. आठांच्या कळ्या होतात आणि नवव्यातून दोन्ही चौबगले आणि सगळे बंद निघतात. हा हिशेब मी प्रथम कागदावर मांडला तेव्हा जुन्या शिंप्यांविषयीचा माझा आदर दुणावला.

कळ्या जोडताना एका कळीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला जोडावी. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर ती शिवण ताणून लोंबते. शिवून झाल्यावर अंगरखा एक रात्र खुंटीला टांगून ठेवावा, मगच खालची कड सारखी करून दुमडावी.

बाराबंदी शिवायची असेल तर हेच अंग आणि याच बाह्या घ्याव्यात आणि घेर सोडून द्यावा. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. मी त्यांतील दोन आतल्या पदराला आणि चार बाहेरच्या पदराला ठेवते. बंदासाठी इंचभर रुंदीची पट्टी चौपदरी दुमडून हाताने शिवावी आणि लांबी दहा-अकरा इंच असावी.

यंत्र वापरावे की नाही, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. आयझॅक सिंगर यांनी आपल्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ मध्ये घेतले. शिवकाळातील आणि पेशवाईतील प्रत्येक टाका हाताचा आहे. तरीही संपूर्ण अंगरखा हाताने शिवायचा आग्रह मी धरणार नाही. आतल्या लांब शिवणी यंत्रावर माराव्यात. मात्र गळा, पदराची कड, बाहीचे टोक आणि बंद, म्हणजे समोरच्या माणसाची नजर जिथे जाते तिथे धावदोरा आणि तुरपाई हातानेच असावी.

आजीचे खऱ्या जरीचे नऊवारी लुगडे घरात आहे. मुलीला पाडव्याच्या शोभायात्रेसाठी त्याची शिवलेली नऊवारी करून द्यावी असा विचार आहे. शिंपी तयार आहे; आपले मत हवे आहे. — एक वाचक, गुहागर

माझे मत स्पष्ट आहे : कात्री लावू नये.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सलग विणलेले कापड. लुगड्याचे सगळे सौंदर्य आणि सगळी सोय ते अखंड असण्यात आहे. तेच लुगडे उंच आणि ठेंगणी, सडपातळ आणि गरोदर अशी कोणतीही बाई नेसू शकते, शेतात वर खोचून घेऊ शकते, आणि देवळात जाताना घोट्यापर्यंत सोडू शकते. शिवल्यावर त्याचा एकाच मापाचा कपडा होतो. माझ्या आईचे असेच एक लुगडे आम्ही बहिणींनी हौसेने शिवायला दिले होते. शिंप्याने निऱ्या जागच्या जागी बसाव्यात म्हणून काठाचे तुकडे केले आणि उरलेली जर पिशवीत घालून परत दिली. ती पिशवी मी अजून ठेवली आहे, परंतु त्या तुकड्यांचे पुन्हा लुगडे होणार नाही. आपल्याला हा अनुभव येऊ नये एवढ्याचसाठी हे लिहिते.

मुलीसाठी नवे सुती नऊवारी घ्यावे. ते नेसायला शिकण्यास एक आठवडा पुरतो. आधी कमरेला गाठ मारून घ्यावी, निऱ्या मोकळ्या हाताने सारख्या करून खोचाव्यात, मग निऱ्यांचा मधला काठ पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचावा आणि शेवटी पदर घ्यावा. पहिले दोन दिवस कासोटा सुटतो. याचे कारण बहुतेक वेळा पहिली गाठ सैल असते. तिथेच लक्ष द्यावे. घरात कोणी वयस्कर बाई असतील तर त्यांच्याकडूनच शिकावे, कारण किनाऱ्यावरील कोळी, गाबीत, कुणबी आणि ब्राह्मण घरांतील नेसणीत लांबी, उंची आणि पदराची बाजू यांचा फरक असतो. आपल्या घरची नेसण मुलीच्या हाती आली तर शोभायात्रेपेक्षा ते अधिक टिकेल.

वर खणाची चोळी असावी आणि तिची गाठ पुढे बांधावी. पोलके हा इंग्रजी अमदानीतला प्रकार आहे. आजी-पणजीचा काळ दाखवायचा असेल तर ते चालेल, पेशवाई दाखवायची असेल तर नाही. आजीचे लुगडे मुलीला जरूर नेसवावे, पण घरातल्या मंगलकार्यात, सावलीत, आणि पिना न टोचता.

आमचे मंडळ बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्या भेटीवर नाटक बसवत आहे. भाड्याने मिळणाऱ्या पोशाखांत पुणेरी पगड्या आणि मखमली अंगरखे आहेत. ते चालतील का, आणि खरा पोशाख कसा होता हे कोठे पाहावे? — नाट्यमंडळाचे कार्यवाह, श्रीवर्धन

ही भेट १७१३–१४ च्या सुमाराची, आणि बाळाजी विश्वनाथ आपल्याच गावचे, तेव्हा आपली जबाबदारी इतरांपेक्षा थोडी अधिक आहे. आज पुणेरी पगडी म्हणून जी विकली जाते तो डौल एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला आहे. ती बाळाजीपंतांच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे दीडशे वर्षांची चूक करणे होय. तिच्याऐवजी पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या बारीक सुती कापडाचे, हाताने बांधलेले पागोटे वापरावे.

आपल्या डोळ्यांसमोर ऐतिहासिक पोशाखाचे जे चित्र असते ते बहुधा दिनदर्शिका, चित्रपट आणि छापील तसबिरी यांवरून तयार झालेले असते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला आणि घरोघरी रंगीत तसबिरी पोहोचल्या. देवादिकांपासून सगळ्यांच्या वस्त्रांविषयीची आपली कल्पना त्यानंतरच्या छापील चित्रांनी घडवली आहे. म्हणून त्या-त्या काळात काढलेली चित्रे शोधावीत. शिवाजी महाराजांचे सतराव्या शतकातील एक चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे आणि त्याची छायाचित्रे सहज पाहायला मिळतात. पेशवाईच्या उत्तरकाळासाठी जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९२ मध्ये काढलेले सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र फार उपयोगी आहे. आपला प्रसंग या दोहोंच्या मधला असल्यामुळे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत आणि जे दोन्हींत सारखे दिसते, म्हणजे अंगाला बसणारा वरचा भाग, खालचा घेर, कमरेला गुंडाळलेला पटका, ते निर्धास्तपणे घ्यावे. जे फक्त नंतरच्या चित्रात आहे ते सोडून द्यावे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रे प्रत्यक्ष पाहता येतात. तिथे गेल्यावर नक्षीकडे पाहण्याआधी शिवणी कोठे आहेत, पन्हा किती आहे, बंद कोठे लावले आहेत याची टिपणे आणि रेखाटने करून आणावीत.

मखमलीविषयी एवढेच सांगते की भाड्याची मखमल कृत्रिम धाग्याची असते आणि रंगमंचावरील दिव्यांत ती पाण्यासारखी चमकते. तिच्यामुळे सरदार श्रीमंत दिसत नाही. पांढऱ्या मलमलीचा अंगरखा, त्यावर एकच चांगला शेला आणि नीट बांधलेले पागोटे एवढ्यानेही दरबारी माणूस उभा राहतो. कान्होजींच्या बरोबरच्या खलाशांना बंडी, गुडघ्यापर्यंतचे धोतर आणि मुंडासे द्यावे. दोन्ही बाजूंच्या माणसांतला फरक कापडाच्या पोतावरून दिसू द्यावा.

रासायनिक रंग नको आहेत. आमच्याकडे हिरडा आणि काथ मिळतो. घरच्या घरी कापड रंगवता येईल का? — एक वाचक, कुडाळ

अवश्य येईल, आणि आपण निवडलेल्या दोन्ही वस्तू योग्य आहेत. कृत्रिम रंगांची सुरुवात विल्यम पर्किन यांच्या १८५६ मधील जांभळ्या रंगापासून होते. त्यापूर्वी आपल्याकडे लाल रंगासाठी आल आणि मंजिष्ठ, निळ्यासाठी नीळ, गुलाबीसाठी कुसुंबा, तपकिरीसाठी काथ, आणि काळ्यासाठी हिरडा व लोखंड यांचा उपयोग होत असे. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, परंतु उन्हात चार दिवसांत उडतो, म्हणून मिरवणुकीच्या कपड्यांना वापरू नये.

कोरड्या कापडाच्या वजनावर प्रमाण काढावे. एक किलो कापड सोडा आणि साबण घालून उकळून त्यातील खळ पूर्ण काढावी, नाहीतर रंगाचे डाग पडतात. नंतर दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून, गाळून, त्यात कापड रात्रभर ठेवावे आणि न धुता पिळून सावलीत वाळवावे. ते फिकट पिवळसर दिसते. दुसऱ्या दिवशी दीडशे ग्रॅम तुरटीच्या पाण्यातून काढून पुन्हा वाळवावे. तिसऱ्या दिवशी अडीचशे ग्रॅम काथ विरघळवून त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर हलवत ठेवावे. मातीच्या जवळ जाणारा उबदार तपकिरी रंग येतो आणि तो बंडी-चोळण्यासाठी फारच शोभतो.

काळपट रंग हवा असेल तर हिरड्यातून काढलेले कापड लोखंडाच्या पाण्यात घालावे. जुने खिळे गूळ घातलेल्या पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवले की हे पाणी तयार होते. कापड त्यात बुडताच आधी राखाडी आणि मग पाहता पाहता काळे होत जाते. मी कित्येकदा पाहिले आहे, तरी प्रत्येक वेळी थांबून पाहते. मात्र लोखंड जास्त झाले तर काही वर्षांनी सूत कुजते, म्हणून कापड पाच मिनिटांतच काढून भरपूर पाण्यात धुवावे.

आपल्याकडच्या जांभ्याच्या जमिनीत लोह असते आणि काही विहिरींच्या पाण्यातही ते उतरते. तसे असेल तर लाल आणि पिवळे रंग मळकट येतात. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, आणि भांडे लोखंडी नसावे.

फेटा तयार घ्यावा की बांधावा? आणि भगवाच हवा का? — एक वाचक, देवगड

बांधावा. आठ-नऊ मीटर मऊ सुती कापड घेऊन गुडघ्यावर सराव करावा, म्हणजे आरशाशिवाय हात बसतो. तयार फेट्याच्या आत पुठ्ठा किंवा फोम असतो आणि तो डोक्याला हवा लागू देत नाही. सगळ्यांचे फेटे एकाच भगव्या रंगाचे असावेत ही आजच्या मिरवणुकीची पद्धत आहे, आणि मिरवणूक म्हणून ती शोभतेही. परंतु जुना काळ दाखवायचा असेल तर पांढरे, तपकिरी, लाल आणि फिके असे मिश्र रंग असावेत.

आमच्या दशावतारी मंडळाचे कपडे हंगाम संपल्यावर पेटाऱ्यात ठेवतो. पावसाळ्यानंतर उघडले की वास येतो, बुरशी असते आणि जर काळी पडलेली असते. शिवाय आता काही जण आमचे कपडे ऐतिहासिक नाहीत असे म्हणतात. — मंडळाचे सदस्य, वेंगुर्ले

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आधी देते. दशावताराचा पोशाख हा कोणा एका शतकातल्या माणसाचा पोशाख नाही. देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या खेळात, दूर बसलेल्या माणसालाही राजा, राक्षस आणि ऋषी ओळखता यावेत म्हणून पिढ्यांनी घडवलेला तो वेश आहे. त्याला पेशवाईच्या मापाने मोजणे योग्य नाही. आपल्या मंडळातील पन्नास वर्षांपूर्वीचे अंगरखे, मुकुट आणि शेले हीच आता जपण्यासारखी ऐतिहासिक वस्त्रे आहेत. त्यांवर नवी चमकदार पट्टी चिकटवू नये. जुना कपडा विरला असेल तर त्याचे माप घेऊन नवा शिवावा आणि जुना वेगळा ठेवावा.

आता पेटाऱ्याविषयी. आपल्या किनाऱ्यावर चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या हवेत सादळलेला कपडा बंद पेटीत गेला की बुरशी येणारच. शेवटच्या प्रयोगानंतर कपडे लगेच पेटाऱ्यात जाऊ नयेत. घामातील क्षार सूत आणि जर दोन्ही खातात. धुण्यासारखे सुती कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवावेत आणि त्यांना खळ घालू नये, कारण खळीवर बुरशी लवकर येते आणि कापड खाणारी कसरही तिच्यामागे येते. न धुता येणारे जरीचे कपडे उलटे करून दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. हे सारे मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे; पहिल्या वळवाच्या सरीनंतर हवा पुन्हा कोरडी मिळत नाही.

जरीवर अत्तर, फवारा आणि डांबरगोळ्या यांचा स्पर्श होऊ देऊ नये. प्रत्येक जरीचा कपडा धुतलेल्या, खळ नसलेल्या जुन्या मांजरपाटात गुंडाळावा. वर्तमानपत्रात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. जरीचा भाग आतल्या बाजूने दुमडण्याऐवजी जाड नळीवर गुंडाळता आला तर जरीच्या तारा तुटत नाहीत. कोपऱ्यांत वेखंडाच्या कांड्या आणि वाळलेली कडुलिंबाची पाने पुरचुंडीत बांधून ठेवावीत, ती कपड्याला थेट लागू नयेत. पेटारा जमिनीवर न ठेवता दोन विटांवर, भिंतीपासून हातभर दूर आणि शक्य तर चुलीच्या धगीच्या खोलीलगत ठेवावा. श्रावणात उघडीप मिळाली की एक दिवस तो उघडावा, घड्या मोडून नव्या जागी घालाव्यात आणि बुरशीचा ठिपका दिसला तर तो कपडा त्याच दिवशी वेगळा काढावा, कारण एकाची बुरशी आठ दिवसांत सगळ्यांना लागते. काळी पडलेली जर घासू नये. चिंच, लिंबू किंवा दंतमंजन लावल्याने वरचा मुलामा निघून जातो आणि तो परत येत नाही. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढून ती तशीच राहू द्यावी. गॅसबत्तीच्या उजेडात तिचा जुना, दबलेला रंग नव्या पट्टीपेक्षा चांगला दिसे, असे आपल्याच भागातील वयस्कर दशावतारी कलावंतांकडून मी ऐकले आहे.